बर्फात पोपट? आजी, तुमचा चष्मा ठीक आहे

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की परगावी, परदेशात कुठे अनपेक्षित पक्षी दिसला तर कळवा. मला वाटलं चार-दोन ईमेल येतील चिमण्या-कबुतरांचे, पण निम्म्याहून जास्त पत्रं पोपटांचीच निघाली आणि तीही कुडकुडणाऱ्या गावांतून. त्यामुळे ठाण्याचा तो कबुतरांनी छळलेला फ्लॅट आणि टेरेसवरची घार पुढच्या महिन्यात, आज फक्त पोपट.

प्रश्न: मी मूळची कराडची. नातवाच्या बारशाला डिसेंबरात शिकागोला आले ती अजून इथेच आहे. मुलगा हायड पार्क भागात राहतो. परवा सकाळी खिडकीतून बघते तर बाहेर सगळं पांढरंफेक आणि समोरच्यांनी पाखरांसाठी टांगलेल्या दाण्याच्या डब्यावर पाच-सहा हिरवेगार पोपट! मुलाला हाक मारेपर्यंत उडाले. तो म्हणतो आई तुझा जेटलॅग गेला नाही अजून. मला भास झाला का? आणि खरे असतील तर एवढ्या थंडीत जगतात कसे? त्यांना शिळी पोळी घातली तर चालेल का?
— एक आजी, सध्या मुक्काम शिकागो

आजी, भास नाही हो, मुलालाच एकदा खिडकीशी उभा करा. तुमच्या त्या हायड पार्कात पोपटांचं पहिलं घरटं 1973 साली दिसलं, म्हणजे तुमच्या मुलाच्या आधीपासून ते तिथले रहिवासी आहेत.

फक्त ते आपले राघू नाहीत. पुन्हा आले की नीट बघा, चोच लाल नसेल, फिकट तपकिरी-नारिंगी असेल, गळ्याला कंठ नसेल आणि कपाळ ते छाती करड्या रंगाची असेल, उडताना पंखात निळं चमकेल. ह्याला मंक पॅराकीट म्हणतात, पाळणारे लोक क्वेकर म्हणतात. मूळ गाव अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील तो सगळा पट्टा. 1968 ते 1972 एवढ्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत पाळायला म्हणून 64 हजारांवर पक्षी आणले गेले, त्यातले काही पिंजऱ्यातून निसटले, काही मालकांनीच कर्कश ओरडण्याला कंटाळून सोडले (हा पोपट आवाजाला जबर आहे, शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं) आणि जे सुटले त्यांनी तिथेच संसार थाटला. ट्रक उलटला, विमानतळावर खोका फुटला अशा गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात, त्यातल्या निम्म्या तरी चहाच्या टपरीवरच्याच असाव्यात.

आता थंडीचं. 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 30 च्याही खाली गेला होता आणि पोपट तेव्हाही तिथे होतेच. सगळे वाचतात असं नाही, कडाक्याच्या हिवाळ्यात मरतातही. पण पक्ष्याच्या अंगावर पिसांची दुलई असते, पिसं फुगवली की आत गरम हवा कोंडून राहते, कराडचा पोपट माघात फुगून बसतो तो हेच करत असतो. ती दुलई आतून गरम ठेवायला मात्र पोटात सतत काहीतरी जळावं लागतं. म्हणजे पोपटाला थंडी थेट मारत नाही, उपास मारतो. शंभर ग्रॅमचा जीव, एक दिवस खायला मिळालं नाही तर संपला.

इथे ह्या पोपटाच्या दोन गोष्टी कामाला आल्या. पहिली घरटं. जगात साडेतीनशेच्या वर पोपटांच्या जाती आहेत, बहुतेक सगळे झाडाच्या ढोलीत नाहीतर कड्याकपारीत अंडी घालतात, हा एकटा काटक्या गोळा करून स्वतःचं घर बांधतो. आणि घर म्हणजे आपल्याकडच्या चाळीसारखं, एकाला लागून दुसरी खोली, प्रत्येक जोडप्याचं दार वेगळं, वर्षानुवर्षं काटक्या वाढत जातात, मोठी घरटी शंभर-शंभर किलोच्या वर जातात. मुद्दा हा की बाकीचे पक्षी पिल्लं उडाली की घरटं सोडतात, हे मात्र बाराही महिने रात्री तिथेच झोपतात. दाट काटक्यांच्या आत दोन-दोन, तीन-तीन जण चिकटून बसले की वारा लागत नाही, आणि शिकागोत अर्धी थंडी वाऱ्याचीच असते हे तुम्हाला आता मी काय सांगणार.

मी स्वतः एका जानेवारीत मावसबहिणीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. हातमोजे घालून दुर्बीण फिरवता येत नाही आणि काढले तर बोटं बधिर, अशा अवस्थेत तासभर उभा. एक पोपट त्याच्या अंगाहून लांब काटकी चोचीत आडवी धरून आला, दारात अडकली, मग त्याने ती मधे न धरता टोकाला धरली, आत ढकलली, वळून दुसरी आणायला गेला तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक डोकं बाहेर आलं आणि तीच काटकी शांतपणे ओढून आपल्याकडे घेतली. मला आमची गिरगावातली चाळ आठवली, अजून काही नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही खिडकीतून बघितलीच, दाण्याचा डबा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ह्या पोपटांचं खाणं वर्षभर तपासलं, उन्हाळ्यात कळ्या, फळं, गवताचं बी असं सगळं चालतं पण डिसेंबर ते फेब्रुवारी जवळपास सगळी भिस्त लोकांनी टांगलेल्या दाण्यांवर. समोरच्या घरातली माणसं डबा भरतात म्हणून तुमचे पोपट हिवाळा काढतात, एवढं सरळ आहे.

आणि एक किस्सा मुलाला मुद्दाम सांगा. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन ह्या पोपटांच्या झाडांसमोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि ते पक्षी आपल्याला लाभतात असं म्हणायचे. 1987 च्या नोव्हेंबरात ते गेले, आणि पुढच्याच वर्षी केंद्राच्या शेती खात्याने ठरवलं की हे परदेशी पोपट पिकांना धोका आहेत, हलवायचे. अर्जेंटिनात ते खरंच पिकं खातात, भीती अगदीच हवेतली नव्हती. पण हायड पार्कच्या लोकांनी महापौरांच्या नावाने चक्क पोपट बचाव निधी काढला, कोर्टात खेचायची धमकी दिली, खातं गप्प बसलं. आणि इतक्या वर्षांत मक्याच्या शेतांवर टोळधाड वगैरे काही पडलेली नाही, पोपट शहर सोडून जातातच कशाला, डबे शहरात आहेत ना.

पोळीचं म्हणाल तर नको. मीठ, तेल, फरसाण तर अजिबात नको. सूर्यफुलाचं बी किंवा बिनखारे शेंगदाणे ठेवा, पण आधी बिल्डिंगवाल्यांना विचारा, खाली सांडलं की उंदीर येतात. आणि एक, सुरू केलंत तर थंडी संपेपर्यंत मधेच बंद करू नका.

प्रश्न: लेक लंडनला असते. तिने केन्सिंग्टन गार्डन्समधला व्हिडिओ पाठवला, हातावर सफरचंदाची फोड धरली की झाडावरून पोपट येऊन मनगटावर बसतो. चोच लाल, गळ्यात कंठ, अगदी आमच्या अंगणातलाच! नवरा म्हणतो इंग्रजांनी कोहिनूर नेला तसे पोपटही नेले. खरं का? तिकडे कुणी कुणी म्हणे एका गिटारवाल्याने सोडले.
— एक ताई, नागपूर

ताई, ह्यावेळी मात्र जात आपलीच आहे, हा आपला राघूच, बोली भाषेत कंठवाला पोपट. व्हिडिओत कंठ दिसतोय म्हणजे नर आहे आणि पोरगा नाही, चांगला मोठा, कारण कंठ पूर्ण फुटायला तीनेक वर्षं जातात. मादीला तो नसतोच.

गिटारवाल्याची गोष्ट म्हणजे जिमी हेंड्रिक्स. साठच्या दशकात त्याने कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली आणि त्यांचीच ही प्रजा, असं लंडनमध्ये कुणीही सांगेल. दुसरे म्हणतात 1951 साली एका सिनेमाच्या शूटिंगला आणलेले पोपट सुटले, तिसरे म्हणतात 1987 च्या वादळात पिंजरे मोडले. 2019 साली तिथल्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या लोकांनी पोपट दिसल्याच्या जुन्या नोंदी नकाशावर मांडून बघितलं, पोलीस गुन्हेगाराचा अड्डा शोधायला जी पद्धत वापरतात तीच, तर ह्यातल्या एकाही जागेकडे बोट जाईना. इंग्लंडमध्ये हे पोपट जंगलात पिल्लं घालताना 1855 सालीच दिसले होते, तेव्हा कुठला आलाय हेंड्रिक्स. खरं कारण कंटाळवाणं आहे, घराघरातून थोडे थोडे सुटत राहिले. त्यात 1929 ते 31 आणि पुन्हा 1952 मध्ये पेपरात पोपटापासून होणाऱ्या तापाच्या बातम्या झळकल्या, लोक घाबरले आणि बऱ्याच जणांनी खिडकी उघडून दिली असणार, असा त्या संशोधकांचा अंदाज. आपल्याकडे पण अशीच एखादी व्हॉट्सअप फॉरवर्ड आली की लोक काय काय करतात ते बघतोच आपण.

तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे. इंग्रजांनी लुटून नेले असं नाही पण इथूनच गेले, धंद्यात, पिंजऱ्यात घालून. 2015 साली युरोपातल्या पोपटांचा डीएनए तपासला तेव्हा बहुतेकांचं मूळ निघालं पाकिस्तान आणि उत्तर भारतातलं. आफ्रिकेतही ह्याच जातीचे पोपट आहेत पण ते युरोपात फारसे टिकलेले दिसत नाहीत. उत्तरेच्या पक्ष्यांना पंजाब-हिमालयाच्या पायथ्याच्या थंडीची सवय, त्यामुळे लंडन त्यांना जमलं. म्हणजे विदर्भाचा नाही, तिकडचा पंजाबी पाहुणा म्हणा.

तसं शिकागोच्या मानाने लंडनची थंडी म्हणजे लोणावळाच. तरी हा घरटं बांधत नाही, ढोलीत राहतो, त्यामुळे थंडीत कधी कधी बोटं गोठून झडतात, तुमच्या लेकीला एखादा कमी बोटांचा दिसला तर घाबरू नको म्हणावं. आता ब्रिटनमध्ये ह्यांच्या 12 हजारांच्या आसपास जोड्या आहेत. संध्याकाळी रातथाऱ्याला एकत्र येतात तो देखावा बघायला सांगा लेकीला. एकेकाळी लंडनजवळ एशरच्या रग्बी क्लबच्या झाडांवर एका रात्री सुमारे 7 हजार पोपट उतरायचे, तो गोंगाट कल्पनेनेच ऐका.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत. समोरच्या विजेच्या खांबावर पोपटांचं मोठं घरटं आहे. लाईटवाले म्हणतात काढणार. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, भांडणं पार गणपतीच्या वर्गणीपर्यंत गेली. काय करावं?
— नाव छापू नये

वर्गणीचं मला माहीत नाही, पोपटाचं सांगतो. लाईटवाले उगाच त्रास देत नाहीयेत. ट्रान्सफॉर्मरला लागून काटक्यांचा भारा आणि त्यावर पाऊस पडला की शॉर्ट होतो, आग लागते, अख्ख्या गल्लीची लाईट जाते आणि आतले पोपटही मरतात. पोपटांना ट्रान्सफॉर्मरची ऊब आवडते असं म्हणतात, असेलही, पण फुटबॉलच्या ग्राउंडवरच्या दिव्यांच्या खांबांवरही ते तितक्याच हौसेने बांधतात, त्यांना उंच आणि आडव्या लोखंडी पट्ट्या असलेली जागा मिळाली की झालं.

मुद्दा कधी काढतात हा आहे. हे पक्षी परदेशी म्हणून तिकडच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण त्यांना नाही, त्यामुळे अडवायला कागद हातात नसतो. पण ऐन जानेवारीत घर पाडलं तर त्यांना रात्र काढायला जागाच उरत नाही, मे-जूनमध्ये पाडलं तर आत पिल्लं असतात. पिल्लं उडून गेल्यावर, थंडीच्या आधी, सप्टेंबरच्या सुमाराला काढा म्हणजे त्यांना दुसरीकडे बांधायला वेळ मिळतो, एवढी एकच मागणी सगळ्यांनी मिळून लिहून द्या. दोन्ही तटांना सही करता येईल अशी आहे.

आणि एखाद्या रविवारी ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमीत जाऊन या. 1860 च्या दशकातलं दगडी प्रवेशद्वार आहे, देवळाच्या शिखरासारखे टोकदार मनोरे, आणि त्या नक्षीत ह्या पोपटांनी काटक्या कोंबून वसाहत केलीय. आधी तिथले लोक घरटी काढायचे, मग लक्षात आलं की कबुतराची शीट तो तपकिरी दगड खाते, पोपटाची तसं काही करत नाही, आणि पोपट आहेत तिथे कबुतरं फारशी बसत नाहीत. राहू दिले.

प्रश्न: सर, माझ्याकडे पिंजऱ्यात एक पोपट आहे, नऊ वर्षं. ऐकलंय की शिकागोत पोपट बर्फात जगतात, तर माझाही जगेल. महाबळेश्वरला नेऊन सोडू का?
— एक वाचक, पुणे

नको, प्लीज. थंडीमुळे नाही. शिकागोत जे तगले त्यांच्यामागे किती सुटलेले पहिल्या आठवड्यात मेले असतील ह्याचा विचार करा. नऊ वर्षं वाटीत भिजवलेली डाळ खाल्लेल्या पक्ष्याला फळ कुठल्या झाडाला लागतं हेच ठाऊक नसतं, पंखात दम नसतो, आणि तो माणसाला घाबरत नाही म्हणजे मांजरालाही घाबरणार नाही.

दुसरं जरा कडू आहे. आपला देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लोकांना हे खरंच माहीत नसतं, आमच्या आजोळीही ओटीवर पिंजरा होता आणि मी लहानपणी त्याला मिरच्या घातल्यात, त्यामुळे मी तुम्हाला शहाणपणा शिकवत नाही. वनखात्याच्या 1926 ह्या नंबरवर फोन करा आणि स्वतःहून द्यायचाय असं सांगा. अशा पक्ष्याला आधी मोठ्या जाळीत उडायला लावतात, उडता येऊ लागलं तरच पुढे सोडतात.

प्रश्न: तिकडचे पोपट इंग्रजी बोलतात का?
— इयत्ता सहावी, नाशिक

भारी प्रश्न! रानातले पोपट कुठलीच माणसांची भाषा बोलत नाहीत. पिंजऱ्यात एकटा पडलेला पोपट माणसांनाच आपला थवा समजतो म्हणून आपल्यासारखं बोलतो. पण त्यांच्या त्यांच्या बोली मात्र असतात. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या मंक पॅराकीटांचे आवाज रेकॉर्ड करून बघितले तर प्रत्येक शहराची हाक थोडी वेगळी निघाली. म्हणजे नाशिकचा आणि नागपूरचा मुलगा बोलायला लागला की कळतं ना, तसं.

प्रश्न: तुम्ही ह्या परक्या पोपटांचं फार कौतुक करता. स्थानिक पक्ष्यांचं काय? मी ब्रसेल्सला सहा वर्षं आहे, इथे हिरवा उच्छाद झालाय.
— एक वाचक, ब्रसेल्स

मान्य, आणि तुमचं गाव तर ह्यात गाजलेलं. 1974 साली तिथल्या एका प्राणीबागेने शहराला जरा रंग यावा म्हणून आपल्या राघूच्याच जातीचे 40 एक पोपट मुद्दाम सोडले, आता हजारोंनी आहेत. हे पोपट फेब्रुवारीतच ढोल्या धरून बसतात, आणि मग शिलींध्रीच्या जातीचा जो छोटा पक्षी उशिरा घर शोधायला निघतो त्याला जागा उरत नाही, हे बेल्जियमच्याच संशोधकांनी दाखवलंय. लंडनमध्ये पिंजऱ्यातला पोपट नुसता दाण्याजवळ ठेवला तरी वल्गुलीच्या कुळातले चिमुकले पक्षी कमी खायला लागले. स्पेनमधल्या सेव्हिलच्या बागेत तर आपल्या राघूंनी ढोल्यांसाठी मोठ्या वटवाघळांना चावून चावून मारलं. आपला पोपट काही संत नाही.

तरी मी ढोलीवाला आणि काटकीवाला ह्यांना एका मापाने मोजत नाही. शिकागोचा पोपट कुणाची ढोली घेत नाही, स्वतःचं बांधतो, तो विजेच्या खांबाला त्रास देतो, पक्ष्यांना फारसा नाही. तुमचा ब्रसेल्सवाला भाडेकरूला हुसकून शिरतो. तुमच्याकडे छोट्या पक्ष्यांसाठी बारीक तोंडाच्या लाकडी पेट्या मिळतात, तीनेक सेंटीमीटरचं भोक, त्यात पोपटाचं डोकं जात नाही, चार लावा बाल्कनीत. दाण्याच्या डब्यालाही बाहेरून जाळीचा पिंजरा घातलेले डबे मिळतात, आत छोटे पक्षी जातात, पोपट बाहेरून बघत बसतो.

आणि अमेरिकेपुरतं म्हणायचं तर त्यांचा स्वतःचा एक पोपट होता, कॅरोलायना पॅराकीट, अंग हिरवं, डोकं पिवळं, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्येसुद्धा थव्याने दिसायचा आणि बर्फातही राहायचा. बागा नासवतो म्हणून मारला, टोपीवर पिसं लावायला मारला, रानं तोडली. शेवटचा नर सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयात 21 फेब्रुवारी 1918 ला गेला. पंचावन्न वर्षांनी हायड पार्कात कुठल्याशा अर्जेंटिनाच्या पोपटाने काटकी अडकवली.

कराडच्या आजी, फोटो मिळाला तर पाठवा. खिडकीच्या काचेतून काढू नका, प्रतिबिंब येतं, आणि फोटोसाठी खिडकी उघडायचं काम मुलाला सांगा.